तळहाताएवढी मखमल

मत्राच्या बाजारात चार वाजता शटरं वर जातात.
नानजीभाई विचारतात, किती वार?
तळहाताएवढी, मी म्हणते. काळी.
त्यांचा चष्मा कपाळावर जातो.
एवढ्याशा तुकड्याचं काय शिवणार, बेन?

कसं सांगू.
टंगस्टन झालं वापरून. पांढरं होईतो तापवलं
तरी इलेक्ट्रॉन मोजूनमापून सोडतं,
पाहुणा उठेपर्यंत चहाचं आधण न ठेवणाऱ्या घरासारखं.
बेरियम लावलेला कॅथोड एकदाच रुसला.
खल्फानने झडप जरा लवकर उघडली,
समुद्रावरची दमट हवा श्वासभर आत गेली
आणि तो पुन्हा बोलला नाही.

आम्हाला हवेत हजारो अँपिअर,
तेही सेकंदाच्या एक कोटीव्या भागापुरते.
मखमलीला झेपते ही घाई.
तापवावी लागत नाही तिला. तीन लाख व्होल्ट आले
की तंतूतंतूच्या टोकाला ठिणगी फुटते,
ठिणग्यांची साय धरते,
आणि मध्ये उंबरठाच नसल्यासारखे
बाहेर पडतात सगळे.

यातलं काही बोलले नाही. म्हटलं, प्रयोगशाळेसाठी.
त्यांनी पैसे घेतले नाहीत.
चिंधीचे कसले पैसे.

पण झोत वाकडा पडे.
पितळी पत्र्यावर उमटणारा डाग
डावीकडून उंदराने कुरतडलेली भाकरी.
डॉक्टर बुथैना तीन दिवस आकडे तपासत बसल्या.
चुंबक, अंतर, निर्वात,
जो तो आपापल्या जागी.

शुक्रवारी इचलकरंजीला फोन.
आण्णांनी चाळीस वर्षं माग चालवले,
आता त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं.
कॅथोड दोनदा ओरडले, दोन्ही वेळा त्यांनी काढा ऐकलं.
मग विचारलं एवढंच:
कापड ताग्यावरनं कापलेलं काय?
मग लव एका अंगावर निजली असणार.
वाफेवर धर. पाठीकडनं. उठती.

लॅबमध्ये वाफ म्हणजे खल्फानची किटली,
दूध, साखर, वेलची.
डॉक्टर बुथैना म्हणाल्या, नुसतं पाणी,
आणि किटली तीनदा विसळून घेतली.
चिमट्यात मखमल पालथी धरली.
बोट फिरवलं तर उलटसुलट सारखंच.
रात्रभर पंप चालला.
सकाळी डाग गोल.
खल्फानने त्याच किटलीत चहा केला,
कुणीच काही बोललं नाही.

सातशे बारा वेळा पेटली.
मग मधोमध टक्कल पडलं,
दर झोतामागे वायू सुटू लागला,
निर्वात सावरायला तास तास जाऊ लागला.
पुढच्या महिन्यात कार्बनच्या तंतूंचा कॅथोड येतोय.
जास्त टिकतो. कमी धुमसतो.
बरंच झालं की.

आण्णांना सांगितलं, मखमल संपली.
पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
टाकू नकोस तो तुकडा, म्हणाले.
पाकिटात घालून पाठव.
बघतो, पीळ कुठं सुटला.