सांडणीचं मत

बिदियात प नाही.
अरबी जिभेला तो जमत नाही,
म्हणून मी परकारचा बरकार झालो
आणि पिकअप झाली बिकअप.
चौदा वर्षं मी लोकांच्या बिकअप उंच करून देतोय.

आज दुपारच्या बांगेआधी गाबिश आला.
एकोणीस वर्षांचा, हातात मोबाइल, मोबाइलात फोटो:
वाळूच्या कड्यावर कुणाचीतरी गाडी,
चाकं एवढी की सावलीला शेळी बसावी.
"सहा इंच, बरकार. आणि टायर पस्तीसचे."

मी चहा मागवला.
सहा इंच ऐकलं की मी आधी चहा मागवतो.

मग फरशीवर खडूनं काढून दाखवलं:
स्प्रिंग वाढली की एक्सल जागचा सरकतो,
शाफ्ट तिरका फिरतो, कण्हत फिरतो.
पस्तीसचं चाक वळताना मडगार्ड कुरतडतं.
ब्रेक तेच, थांबवायचं रबर मात्र दीडपट.
आणि मीटर. मीटर शंभर म्हणेल
तेव्हा तू एकशे तेरावर असशील.
तो हसला. त्याला तेच तर हवं होतं.

गाडीत त्याची आई होती.
शेजारी नव्हे, स्टिअरिंगवर.
चोचीसारखा कडक काळा बुरखा, वर दोन डोळे.
काच खाली केली, बोटानं मागे दाखवलं:
"आणि ही कशी चढेल?"

मागे हौद्यात सांडणी बसलेली,
एक गुडघा बांधलेला, पापण्या अर्ध्या,
रवंथ करत, जणू पैसे तीच देणार.

मी टेप लावला.
हौद्याची कड जमिनीपासून चौतीस.
सहा लिफ्टचे, दोन टायरचे. बेचाळीस.
त्यांच्या खोपटामागे वाळूचा कट्टा आहे,
त्यावरून ती हौद्यात पाय टाकते.
"कट्टा वाढवू," गाबिश म्हणाला.
"फावडं कोण धरेल?" आई म्हणाली.
तो टायरकडे बघू लागला.

मी हळूच माझंही घातलं:
उतारावर उंट वळून बघतो ना,
तेव्हा गाडीही वळून बघते.
जितकी उंच, तितकी चौकस.

शेवटी दोन इंच.
मागे एक पाटा जास्त, हिच्या वजनासाठी.
टायर तेहतीसचे.
"फोटोत दिसेल का?" गाबिशनं विचारलं.
"खाली बसून काढ," मी म्हटलं.

दिवसभर सांडणी गॅरेजबाहेर घाफखाली.
आमच्याकडे याच झाडाला शमी म्हणतात,
इथे त्याची पानं उंट सोन्यासारखी खातात.
जुनी चार टायरं भिंतीला लावून ठेवली.
दाभोळच्या धक्क्याला अशीच टांगलेली असायची,
कुठे जायची नाहीत,
लाँच येऊन टेकली की नुसतं हूं करायची.
अब्बा तिथं तिकिटं फाडायचे.
मीच एकटा गेलो तिथून,
आणि टायरं इथे माझ्याकडे येत राहतात.

संध्याकाळी माल उतरवायच्या ओट्याला गाडी लावली.
सांडणीनं नवं रबर हुंगलं,
पाय टाकला, मागे घेतला,
सगळ्या औद्योगिक वसाहतीला ऐकू जाईल असं ओरडली.
आई तिच्या कानाशी काहीतरी बोलली.
चढली.

डांबर संपतं तिथे गाडी थांबली.
मी दारातून बघत होतो.
गाबिश उतरला,
एकेका चाकापाशी गुडघ्यावर बसून हवा सोडू लागला:
पस्तीसवरून पंधरा. फुस्स. चार वेळा.
गाडी उंच करायला आलेला पोरगा
पहिल्याच दिवशी ती खाली बसवत होता,
आणि आई आरशात त्याचं मोजत होती.
मग टेकडीवर दिवे चढले, मावळले.

मी वही काढली. लिहिलं:
लिफ्ट दोन. टायर तेहतीस. पाटा जादा एक.
पैसे निम्मे आले, निम्मे खजुरानंतर.
उंट एक. राजी.