हंडीला कल्हई

ओहोळ मास्तरांनी हंडी माझ्याच रिक्षात ठेवली.
"रविवारी हंगामाचं जेवण. आत हिरवं धरलंय,
रस्सा कळकेल. तांबट आळीत नेऊन आण."
दुसरं काही बोलले नाहीत.
तीन महिने मी देवळाची पायरी चढलो नाही,
प्रभूभोजनाला पुढे गेलो नाही,
तेही नाही.

मागच्या सीटवर हंडी बसली, जाडजूड, गप्प,
सगळं ठाऊक असलेल्या मावशीसारखी.
सवयीनं मीटरकडे हात गेला, मग मागे घेतला.
क्वार्टर गेटला सिग्नल लाल.
डाव्या हाताला ते दुकान.
जाळीमागचा पोऱ्या मला नावानं ओळखतो.
मी नाकासमोर बघत राहिलो.

जुलैत लेकीच्या फीचे पैसे
मी तांदळाच्या डब्यातून काढले होते.
रत्नमालेनं डबा उघडला, तळाशी हात फिरवला.
ओरडली नाही.
सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली,
आणि त्यात एकही खडा नव्हता.

तेव्हापासून रोज रात्री एकच:
प्रभो, चुकलो. पुन्हा नाही.
आणि शनिवारी पुन्हा.
देव कंटाळला की नाही, मला कसं कळणार,
मला मात्र माझ्या कबुलीचा वीट आला होता.
पाढ्यासारखी ती जिभेवरून घसरायची.
आमेनच्या आधी मी घोरत असायचो.

कल्हईवाला म्हातारा, दस्तगीर नावाचा,
आळीच्या तोंडाशी भाता मांडून बसलेला.
त्यानं हंडीत डोकं घातलं, वास घेतला.
मला उगीच लाजल्यासारखं झालं,
जणू माझ्याच पोटात कुणी वाकून बघतंय.
"चाचा, दोन वर्षांपूर्वीच केली होती.
भांडंच खराब निघालं बहुतेक."
त्यानं बोटाच्या पेरानं हंडीवर टिचकी मारली,
नाद संपेपर्यंत थांबला.
"कल्हई उडते," म्हणाला. "तांबं कुठं उडतं?"

ऐकून बरं वाटलं. लगेच खोटंही वाटलं.
हंडीची कल्हई रांधून रांधून जाते,
शंभर माणसं जेवतात तिच्यातून.
मी कुणाला जेवू घातलं?
मी तर लेकीच्या घासातलं काढलं.

पण तो माझ्याशी वाद घालत नव्हता.
भाता ओढत होता.
तांबं लालबुंद झालं, नवसागराचा धूर
डोळ्यांत गेला, दोघेही खोकलो.
मग एवढीशी कथिलाची कांडी, कापसाचा बोळा,
आणि हात असा झर्रकन फिरला
की बघता बघता आत दिवस उजाडला.
पैसे देताना त्याचे तळवे दिसले,
भाजून भाजून गुळगुळीत झालेले.
मी घासाघीस करणार होतो. नाही केली.

त्या शनिवारी मी दुकानात गेलो नाही.
पुढच्या शनिवारी गेलो. लपवत नाही.
पण रविवारी सकाळी तोंड धुऊन,
तरी वास येत असताना,
देवळात मागच्या बाकाशी उभा राहिलो.
रत्नमालेनं वळून पाहिलं नाही,
फक्त सरकली, एका माणसापुरती.

भाकर घ्यायला रांगेत शेवटचा मी.
हात थरथरत होते, तुकडा पडेल असं वाटलं.
पाळकांनी काही विचारलं नाही.
त्यांच्या बोटांनी माझी बोटं
एक एक करून मिटवली.

आता रोज रात्री गाडी लावली की
पन्नासाची नोट तांदळात खोचतो.
कधी वीसची. कधी नुसताच हात घालतो.
प्रार्थना तीच आहे, शब्दही तेच,
फक्त आमेनपर्यंत जागा राहतो. बहुतेक वेळा.

हंगामाच्या जेवणाला वाढपी कमी पडले होते,
मास्तरांनी माझ्या हातात डाव दिला होता.
हंडी घासून पालथी घालताना म्हणाले,
"दोन वर्षांनी परत न्यायला लागेल हं.
आहे ना तुझी रिक्षा?"

आहे, म्हटलं.