ओला भुसा

जामसंड्याच्या पॅकिंग शेडमध्ये माझं काम एवढंच:
फळ हातात घ्यायचं, देठाशी अंगठा टेकवायचा
आणि ठरवायचं, दुबईची पेटी की कॅनिंगचा क्रेट.
अकरा मोसम झाले.
तरी साका वरून ओळखता येत नाही.
बाहेर सोनं, कापलं की आत
भिजल्या पावासारखा पांढरट गर.
मालक हल्ली टबात बुडवून बघतात,
तळाला गेलं ते संशयाचं.
पण तळाला गेलेली सगळीच काही साक्याची नसतात.
हे मला आधीपासून माहीत होतं,
म्हणून जोईल डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला तेव्हा
मी इतर बायकांपेक्षा जरा कमी घाबरले.
जरा.

शिबिर शाळेत होतं, चौथीच्या वर्गात,
पाढ्यांच्या तक्त्याखाली पडदा लावून.
'लतिका घाडी' अशी हाक आली.
चायनीजच्या गाडीवर येतो तसा सिरक्याचा वास,
आणि बाई म्हणाल्या, इथे पांढरं पडतंय.
मग तुकडा, मग कुरिअर, मग अठरा दिवस.

'दुसऱ्या पायरीवर आहे.'
पायऱ्या तीन. त्यापुढे तो शब्द,
जो आमच्या वाडीत 'ता दुखणा' म्हणून उरकतात.
'दुसरीवरून पुष्कळजणी आपोआप खाली उतरतात.'
आणि उरलेल्या?
'काही तिथेच बसून राहतात. काही चढतात.'
मी कुठली?

त्यावर त्यांनी विषाणूचा नंबर सांगितला.
सोळा.
यांचीही घराणी असतात म्हणे, नंबरवारीने;
बरेचसे पाहुण्यासारखे येऊन जातात,
सोळा हट्टी.
रुकय्या सोलकरला सहासष्ट निघाला होता,
वर्षाच्या आत नाहीसा झाला.
ती म्हणाली, नंबराचं काय घेऊन बसलीस.
मी घेऊन बसले.
एसटीच्या पाटीवर सोळा, दुधाच्या पिशवीवर सोळा,
थोरलीच्या वयात सोळा.

'कधी आला?' मी विचारलं.
'कुठून' असं विचारायचं होतं. बाईंना ते कळलं.
'दहा वर्षं, पंधरा. त्याच्यावर तारीख नसते.
कुणाला धरायला जाऊ नका.'
घरी नवरा फाटक्या जाळ्याला गाठी मारत होता.
मी चहा ठेवला. त्याची बोटं बघत राहिले.

अजून एक तपासणी असते.
ती इथे होत नाही, नमुना पुण्याला जातो.
विषाणू आहे की नाही एवढंच बघत नाहीत,
तो कामाला लागलाय का,
पेशीत त्याचे हुकूम सुटू लागलेत का, ते बघतात.
मला आप्पा दिसले.
कलमाच्या बुंध्याशी उकिडवे, हातात सायकलची तार:
'भोक बघू नको, भुसो बघ.
सुको भुसो म्हणजे जुनी गजाल.
ओलो असलो तर भिरूड जितो आसा.'

भुसा ओला निघाला.
बाई असं म्हणाल्या नाहीत, त्या टक्क्यांत बोलल्या.
कोरडा असता तर सहा महिने थांबलो असतो, म्हणाल्या,
आता नको.

तारेच्या कडीने पातळशी चकती काढली.
दोन पेट्यांना सुतळी बांधावी एवढा वेळ,
थोडा जळका वास.
पंधरा दिवस वजन उचलायचं नाही,
म्हणून मालकांनी स्टूल दिलं, आणि वर्षभर ऐकवलं.

एक विचारायचं राहिलं.
काढलं नसतं तर चढलं असतं का?
शंभरातल्या इतक्या, असं सांगतील.
मी शंभर नाही.
बाजूला काढलेलं फळ क्रेटात जातं, क्रेट टेम्पोत,
त्यात साका होता की नव्हता
हे सांगायला शेडवर परत कुणी येत नाही.

काल तळाला गेलेलं एक फळ मी पदरात घातलं,
घरी कापलं.
केशरी, काठोकाठ.
'मग बाजूला का काढलंस?' थोरलीने विचारलं.
मी कोय चोखत राहिले.