तीन पायऱ्या

वाल्पराइसोच्या टेकडीवर
दोराने ओढली जाणारी ती लाकडी गाडी
ऐंशी सेकंदांत वर पोचायची.
तेवढ्यात एलेउतेरियो एक कोडं घाली,
खालचं दार लावता लावता,
आणि वरचं दार उघडायच्या आत
त्याला उत्तर हवं असे.
चुकलात तर उद्या कोडं तेच, तिकीट नवं.

"आपण वर निघतो तेव्हा दुसरी गाडी वरून सुटते.
आज आपल्यात चार गलेलठ्ठ खलाशी,
तिच्यात एकटी जोगीण, तीही उपाशी.
गाठ कुठे पडेल?"
मी म्हणाले, खालीच कुठेतरी. जड गाडी मंद.
तो हसला.
"दोर एकच आहे, पोरी.
आपण हातभर वर, ती हातभर खाली.
गाठ मधोमध.
खलाशी कितीही जेवून येवोत."

आई बंदरावर मासळी विकायची,
म्हणून पुढचं खास माझ्यासाठी:
"एका मेर्लुसाचं वजन
एक किलो आणि अर्धा मेर्लुसा.
तर अख्खा केवढा?"
दीड किलो, मी ठोकून दिलं.
चार दिवस दीडच ठोकत राहिले.
पाचव्या दिवशी आईने मासा मधोमध कापला,
एक तुकडा बाजूला सारला.
अर्धा मेर्लुसा हा इथे गेला, म्हणाली,
मग पारड्यात उरला तोच तुझा एक किलो ना?
दोन.
मला गणित कळलं ते असं, खवल्यांच्या वासासकट.

मग एका हिवाळ्यात दोर विरला,
नगरपालिकेने गाडीला कुलूप ठोकलं.
हा जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला.
"एकशे साठ पायऱ्या.
चढताना मिनिटाला वीस, उतरताना चाळीस.
जाऊन येऊन सरासरी किती?"
तीस, सगळेच म्हणतात. मीही म्हणाले.
"आठ मिनिटं चढलीस, चारच उतरलीस.
बारा मिनिटांत तीनशे वीस पायऱ्या.
सव्वीस, आणि वर दोन तृतीयांश.
चढणीवर आपण जास्त वेळ असतो,
म्हणून सरासरीत तिचा आवाज मोठा."

परवा त्याला पुरून परतताना
पहिल्यांदाच पायऱ्या मोजल्या.
एकशे त्रेसष्ट.
लबाड!
हिशोब सुटसुटीत यावा म्हणून
तीन पायऱ्या खाल्ल्या होत्या त्याने,
आणि मी बावीस वर्षं त्याच्या शब्दावर चढत होते.

वर पोचले, धापा टाकत,
फुलवाल्याच्या पावतीच्या पाठीवर
नव्याने मांडणी केली.
एकशे त्रेसष्ट भागिले वीस,
एकशे त्रेसष्ट भागिले चाळीस,
बेरीज सव्वाबारा मिनिटांना जराशी कमी,
तिने भागायच्या पायऱ्या तीनशे सव्वीस.
उत्तर: सव्वीस आणि दोन तृतीयांश.

हजार पायऱ्या धरून बघितलं.
तेच.
एकच पायरी धरली.
तेच.

उतरताना मात्र
मी मोजलं नाही.