नवसागर

भाता मी ओढायचो. ती नुसती बघायची.
आधीच सांगतो, कारण पेपरात छापून आलंय
की बाईंनी लहानपणी कल्हई केली.
नाही केली. तांबट आळीत मुलीच्या हाती
हातोडा द्यायची रीत नव्हती.
ती उंबऱ्यावर बसून चिंच कोळायची,
हिरवे पडलेले हंडे घासायची
आणि विचारायची, हे हिरवं येतं कुठून?

जंगाल, अप्पा म्हणायचे. तांब्याचा स्वभावच तो.
स्वभाव म्हणजे काय, अप्पा?
अप्पा ठोके मोजत राहायचे.

तापल्या पातेल्यात चिमूटभर नवसागर पडला
की पांढरा धूर उठे, आम्ही खोकत बाहेर.
द्वारकी जागची हलायची नाही.
एकदा तिनं धुरावर पाटी धरली,
नुकती पुसलेली, गार.
पाटीवर पिठी बसली. तिनं बोट लावून चाटलं.
"अप्पा, हा धूर नाहीच. परत नवसागरच आहे."
अप्पांनी कानाखाली दिली,
जिन्नस तोंडात घातला म्हणून.

त्या रात्री विझलेली भट्टी पुन्हा पेटली.
मी जागा होतो.
भाता त्यांनी स्वतः ओढला,
तिच्या दप्तरातून पाटी काढली,
धुरावर धरली,
आणि कितीतरी वेळ कंदिलाशी बसून राहिले.
सकाळी फीचे पैसे कोनाड्यात होते.

मग लकडी पुलापलीकडचं कॉलेज.
वर्गात एकशेबारा मुलगे आणि ही.
घाणेकर सरांनी गंमत म्हणून पुढ्यात ठेवल्या
लेबलं गळलेल्या सात बाटल्या.
चौथीतली चिमूट तिनं तापल्या पत्र्यावर टाकली,
नाक पुढे केलं, म्हणाली,
"हा आमच्या घरचा."
मुलगे हसले. सर हसले नाहीत.

पुढचं मला कळत नाही, ते पेपरातच वाचा.
अप्पा गेले तेव्हा ती बोटीवर होती.
स्टील आलं, भाता मी भंगारात घातला.

परवा तिच्या प्रयोगशाळेत गेलो.
चपला बाहेर काढायला लागलो तर ओरडली,
"घाल आधी! खाली काय सांडलंय, पत्ता नाही."
कोट पांढराशुभ्र, बोटांची टोकं काळी,
कसल्याशा चांदीच्या क्षारानं.
अगदी अप्पांची बोटं.
मी म्हणालो, चिंच लाव, निघेल.
ती म्हणाली,
"नाही निघत. करून बघितलंय."