आधी कुणाला

जानेवारीचा पहिला सोमवार, हेलेना, उणे एकवीस.
मोटेलबाहेर माझी पिकअप तीनदा खोकली,
चौथ्यांदा कबूल झाली.
मागच्या सीटवर वासरं ओढायच्या साखळ्या अजून तशाच,
त्यांच्यावर पसरलेला इस्त्रीचा निळा कोट.
अधिवेशन नव्वद दिवसांचं, दोन वर्षांतून एकदा,
आणि तेही नेमकं गाई विण्याच्या हंगामात.

यादी मी पेंडीच्या पावतीमागे लिहिली आहे.
रुग्णवाहिका. काउंटीत दोन, चालवणारे पाच,
त्यातल्या दोघांना स्वतःच्या घरचा जिना चढवत नाही.
मग शुश्रूषागृह, एप्रिलमध्ये टाळं लागेल त्याला;
एकोणीस म्हातारी माणसं, आणि पुढचं शुश्रूषागृह
चौऱ्याऐंशी मैलांवर.
मालमत्ता कर मी लिहिला नव्हता.
तो पक्षाच्या कार्यालयातून छापूनच आला,
सगळ्यांच्या यादीत पहिला, सगळ्यांच्या एकाच अक्षरात.

सव्वीस वर्षं मी गुरांची डॉक्टर आहे.
रात्री दोनला कुंपणाशी टॉर्च घेऊन उभी राहिले की
मला एवढंच ठरवायचं असतं: आधी कुणाला.
जी हंबरतेय तिला नाही.
हंबरायला लागतो तेवढा श्वास तिच्याकडे आहे अजून.
मी बघते ती कडेला,
बर्फात मान टाकून गप्प पडलेली,
जिच्या डोळ्यांवर टॉर्च मारला
तरी ती डोळे मिटत नाही.

या घुमटाखाली मात्र उलटं.
संगमरवरी जिन्यावर सकाळपासून हंबरडे,
कोटांना बिल्ले, हातात कॉफी, मागून मागून येणारी माणसं.
बोलणाऱ्याचे कुळीथ इथेही हातोहात खपतात,
आणि आमचा तर जिल्हाच गव्हाचा.

टपालाच्या खणात हात घातला तेव्हा
काहीतरी कमी आहे असं वाटलं.
काय, ते कळायला वेळ लागला.
ऑर्विल स्टेनरूडचं कार्ड.
दर अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी यायचं,
पेन्सिलीनं काढलेला नाल्यावरचा पूल, खांबातली चीर,
शेजारी माप. पहिल्या वर्षी पाव इंच.
मग अर्धा.
गेल्या खेपेला: ‘आता माझी करंगळी जाते.’

मी वऱ्हांड्यातून फोन लावला. मेला असेल, अशीच भीती.
पण त्यानंच उचलला, तोंडात घास होता.
पुलाचं काय, मी विचारलं.
‘कुठला पूल?’ म्हणाला. मग, ‘हां, तो.
आम्ही आता वरून जातो. बावीस मैल जास्त पडतात.
शाळेची बसही वरूनच.
पोरं अंधारात निघतात, अंधारात येतात.
चालतं. सवय झाली.’
आणि मग माझ्याच तब्येतीची चौकशी.

सवय झाली.
हा शब्द मी ओळखते.
तिसऱ्या दिवशी अडलेली गाय कळा द्यायचं सोडते,
मालक म्हणतो, आता शांत आहे, बरं वाटतंय तिला.

पावती उलटी केली.
पेंड, चाळीस पोती; मीठ, सहा लाद्या; बाकी देणं.
त्याच्या वरच्या कोऱ्या पट्टीत लिहिलं: पूल.
पेन गारठलं होतं, दोनदा गिरवावं लागलं.
बहुमताच्या नेत्यानं खांद्यावरून वाकून पाहिलं,
‘आर्डिस, हा काही मुद्दा नाही,
याच्यासाठी कुणी ओरडत नाहीये.’
मी म्हटलं, तेच तर.
त्याला ते कळलं नाही. तो गुरं पाळत नाही.

बारा वाजता हजेरी.
शंभरात माझं नाव अकरावं.
ब्योर्गम?
हजर, मी म्हणाले, आणि आवाज
मला स्वतःलाच जरा मोठा वाटला.

परिवहन समिती मंगळवारी सकाळी आठला, तळघरात.
तिथला हीटर बंद आहे म्हणतात.
साखळ्या गाडीतच राहू देत,
कोट तेवढा वर आणायचा आहे.