मती

हुक्केरीच्या तहसील कचेरीत शिरलं की डाव्या हाताला
एक सागवानी फळा आहे.
काळ्यावर पांढरं, कन्नडमध्ये:
क्रमांक, नाव, कधीपासून, कधीपर्यंत.
सव्विसाव्या ओळीपासून पुढचं सगळं माझ्या हातचं.
मी गुंडू पेंटर, संकेश्वरचा.
दुकानांच्या पाट्या मराठीत, सरकारी कन्नडमध्ये,
उरूस जवळ आला की उर्दूसुद्धा, बघून बघून.

वडिलांनी शिकवलेली युक्ती:
साहेब येतात-जातात, श्रीकार तेवढा आधीच काढून ठेव.
म्हणून एका सुट्टीच्या दिवशी खालच्या पंधरा ओळींत
श्री श्री श्री श्री
मांडून ठेवले होते मी,
पंगतीआधीच्या पत्रावळींसारखे.

एकतिसाव्या ओळीला आल्या शमशाद नदाफ.

आमच्याच गल्लीतल्या.
बाप खांद्यावर धनुकली घेऊन दारोदार गाद्या पिंजायचा,
कापूस उडून पोरीच्या केसांत बसायचा,
शाळेत आम्ही तिला म्हातारे म्हणून हाक मारायचो.
घरात दखनी, शाळेत मराठी,
आणि परीक्षा कन्नडमध्ये, कंदिलापाशी, पिंजलेल्या ढिगाला टेकून.

तलाठी म्हणून पहिल्या गावी सायकलवरून गेली
तेव्हा चावडीवर लोक म्हणाले,
तलाठ्याची बायको पुढं आली, तलाठी मागून येईल.
चहा दिला, खुर्ची दिली,
आणि दिवस मावळेपर्यंत रस्त्याकडं बघत बसले.
तिनंही काही सांगितलं नाही.
दप्तर उघडून पहाणी तपासत राहिली.

जमीन कुणाची?
ह्यांची.
हे तर जाऊन तीन वर्षं झाली.
तरी ह्यांचीच की.
शेतसारा कोण भरतं?
मी.
मग तुमचं नाव सांगा.
भैरूची आई.
नाव, नाव.
त्या बाईला थोडा वेळ लागला म्हणतात.
बाई पेनाचं टोपण काढून थांबली होती.

पुढं शिरस्तेदार, पुढं उपतहसीलदार,
अकरा बदल्या, एक तर पार बिदरला.
दर वेळी लोखंडी ट्रंकेवरचं नाव मीच रंगवून दिलं,
ट्रंक तीच, गाव खोडून गाव.

परत आल्या त्या रावसाहेबांच्या खुर्चीवर.
आता रावसाहेब या शब्दाला बाईचं रूप नाही.
कचेरीत महिनाभर लोक अडखळले,
मग बसाप्पा नावाच्या एका म्हाताऱ्यानं सोडवून टाकलं:
रावसाहेब अक्का.

मराठीतला अर्ज आला की त्या परत करत नसत.
समासात त्याचा मजकूर कन्नडमध्ये लिहायच्या,
बारीक, सरळ, खाली सही.
हे म्हणाले, ती त्यांच्यातली.
ते म्हणाले, ती ह्यांच्यातली.
दोन्हीकडचे मोर्चे एकाच गेटवर आले एकदा,
अर्ध्या तासाच्या अंतरानं.
दोघांनाही पाणी दिलं.

फळ्यावर नाव घालायला मी गेलो, आणि घोटाळा.
श्री आधीच वाळलेला.
म्हटलं, खरडून काढतो, नव्यानं करतो.
हेडक्लार्क म्हणाला, लग्न कुठं झालंय? कुमारी लिही.
त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या.
चष्मा कपाळावर सरकवून फळ्याजवळ आल्या,
बोटानं जागा मोजली.
कुमारी तर मावणारच नाही, गुंडू.
श्री राहू दे.
मती वर बसव, जमेल तेवढी.

शून्य नंबरचा ब्रश घेऊन
दोन अक्षरं काढली, मुंगीएवढी,
श्रीच्या खांद्यावर.

दोन वर्षं चार महिने.
मग बदली, मग निवृत्ती.

श्री आधी मांडून ठेवणं मी सोडून दिलंय.
उरलेले खरडले, त्या ओळी कोऱ्या आहेत.
दसऱ्याआधी फळा पुसायला जातो,
फडक्यानं सगळी नावं एका फटक्यात निघतात,
तेवढ्या एका जागी
ब्रशच्या टोकानं धूळ काढावी लागते.